फराळासोबत रक्तही द्या

दिवाळीत अनेक कुटुंबे पाड्यांवर फराळ, कपडे वाटतात. चांगलेच आहे. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांतल्या काहींना अचानक रक्त लागते, बाळंतिणींनाही लागते. नेमकी तेव्हा कॉलेजे बंद, शिबिरे कमी. पिशवीतले रक्त फार तर 42 दिवस टिकते, म्हणजे गणपतीत दिलेले लक्ष्मीपूजनाला उपयोगाचे नाही.

म्हणून माझे मत, घरातल्या दोघा-तिघांनी सुट्टीत रक्तपेढीत जावे. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 हवे. कमी भरले तर निदान ॲनिमिया तरी कळेल. आपल्याकडे बायका तो अंगावरच काढतात. उपाशीपोटी जाऊ नका. साधे जेवण करून जा, चकल्या नंतर.