जुन्या मोटारीची परीक्षा

परीक्षा आणि प्रमाणपत्र ही जोडी विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु मोटारगाडीलाही परीक्षा द्यावी लागते, तीही उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. या लेखात आम्ही अशाच एका परीक्षार्थीचा विचार करणार आहोत. एके काळी धनिकाच्या दारी शोभणारी ही आलिशान मोटार आता वीस वर्षांची झाली आहे आणि तिची किंमत नव्या लहान गाडीहूनही खाली आली आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबाला तिचा मोह पडतो. विकणारा सांगतो, "पासिंग झालेली गाडी आहे, काळजी नको." या एका वाक्यावर घरातील चार-पाच जीव कितपत सोपवावेत, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

यंत्राची परीक्षा घेण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. जर्मनीतील मानहाइम शहरी १८६५ साली एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात बाष्पयंत्राच्या टाकीचा स्फोट झाला. पुढच्याच वर्षी तेथील कारखानदारांनी अशा टाक्यांची नियमित तपासणी करणारी संस्था काढली. आज 'ट्यूफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटार तपासणाऱ्या संस्थांचे मूळ तेथे आहे. ब्रिटनमध्ये सक्तीची चाचणी १९६० साली आली. प्रथम ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती आणि तीत ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेच पाहत. परंतु नापास गाड्यांची संख्या इतकी मोठी निघाली की ही मर्यादा १९६१ साली सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणावी लागली. रस्त्यावर धावते ती गाडी धडधाकटच असणार, हा समज त्या चाचणीने खोटा ठरवला.

आता परीक्षक काय पाहतो ते पाहू. गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून तो ब्रेकची शक्ती मोजतो आणि डाव्या व उजव्या चाकांतील तफावत टिपतो. सुकाणूचे सांधे, स्प्रिंगा, दिवे, धूर, चासीवरील गंज हे सारे तपासले जाते. टायरच्या खाचा १·६ मिलिमीटरहून उथळ झालेल्या चालत नाहीत. हे काम प्रामाणिकपणे झाले तर त्या दिवसापुरता निकाल विश्वासार्ह असतो, याविषयी आम्हांस शंका नाही.

पण या परीक्षेचा अभ्यासक्रम मर्यादित आहे. ब्रिटनच्या चाचणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती पाहिलीच जात नाही. परीक्षकाने गाडीचे भाग खोलायचे नसतात. आलिशान गाडीच्या पोटाखाली आवरणे अधिक. त्यांच्या आड गंज लपला तर तो कोणाच्या दृष्टीस पडणार? आमच्या कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचे काय करतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. वरून रंगाचा नवा हात दिला म्हणून आतला गंज थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. मग घाटात ब्रेक तापले की ते लवकर उकळते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. टायर झिजले नसले तरी वयाने कडक होतात. क्वचितच बाहेर निघणाऱ्या गाडीला हे दोन्ही दोष विशेष जडतात.

दुसरे कारण पैशाचे आहे. मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत १९७८ साली चाके जखडू न देणारी विजेच्या नियंत्रणावरची ब्रेकयंत्रणा आली. पुढे अशा गाड्यांत हवेवर तोलणारे सस्पेन्शन आले आणि नाना प्रकारची इलेक्ट्रॉनिक साधने आली. नवी असताना या साधनांनी प्रवास सुरक्षित केला. जुनी झाल्यावर तीच दुरुस्तीची यादी लांबवतात. गाडीची किंमत दहाव्या हिश्श्यावर येते, सुट्या भागांची किंमत मात्र येत नाही. ज्याला गाडी परवडते त्याला तिची निगा परवडेलच असे नाही. मग दुरुस्ती पुढे ढकलली जाते. जुनी आलिशान गाडी चाचणीत अडखळते ती पुष्कळदा या लांबवलेल्या दुरुस्तीमुळे. तिच्या घडणीला नावे ठेवणे नेहमीच न्यायाचे होत नाही.

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. उलट भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल तपासणी आहे. म्हणजे नऊ वर्षांच्या टॅक्सीला दरवर्षी परीक्षा आणि सोळा वर्षांच्या, सुमारे दोन टन वजनाच्या खाजगी गाडीला पाच वर्षांतून एकदा! ब्रिटनमध्ये हे अंतर एक वर्षाचे व जर्मनीत दोन वर्षांचे आहे. आमचे स्पष्ट मत आहे की पंधरा वर्षांवरील प्रत्येक मोटारीची ब्रेक, सुकाणू, टायर व गंज यांपुरती तरी वार्षिक तपासणी व्हावी. खर्चाचा आक्षेप येईल. पण वर्षाकाठी एका सकाळचा खोळंबा ज्याला जड वाटतो, त्याने जुनी गाडी घेण्याचा पुनर्विचार करावा हेच बरे.

दिल्लीत २०१५ साली हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना प्रदूषणाच्या कारणास्तव बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वयाचा निकष उचलून धरला आणि २०२५ साली त्याची धार काहीशी कमी केली. ब्रिटनमध्ये याच्या अगदी उलट प्रकार आहे. तेथे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना चाचणीच माफ आहे. एकीकडे वयामुळे परीक्षेविना नापास, दुसरीकडे वयामुळेच परीक्षेविना पास. आम्हांस दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. उत्तम निगा राखलेली जुनी गाडी आणि हेळसांड झालेली जुनी गाडी यांत भेद करायचा तर तपासणीवाचून गत्यंतर नाही.

ब्रिटनची एक रीत मात्र अनुकरणीय आहे. तेथे गाडीचा क्रमांक दिला की तिच्या मागील चाचण्यांचा निकाल, त्या वेळी आढळलेले दोष व धावलेले अंतर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्या गाडीत दरवर्षी तोच दोष पुन्हा निघतो, तिची कथा एका प्रमाणपत्राहून ही यादी अधिक खरी सांगते. विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकातही पालक केवळ शेवटचे पान पाहत नाहीत.

म्हणून घरी जुनी गाडी घेण्याची गोष्ट निघेल तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना अदबीने चार प्रश्न विचारावेत: पासिंग कोणत्या तारखेचे? त्यानंतर गाडी किती धावली? ब्रेक ऑइल व टायर कधी बदलले? विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकने गाडी खालून पाहिली काय? यांची उत्तरे पावत्यांसह मिळाली तर गाडी अवश्य घ्यावी. न मिळाली तर ती कितीही आलिशान असली तरी तिच्यात मुलाबाळांना बसवू नये.