अन्नाचा अभ्यास आणि आपली मुले

आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीने तीन वर्षांपूर्वी आम्हांस सांगितले की, तिला परदेशी जाऊन अन्न या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. आम्ही म्हणजे माजी विद्यार्थी मंडळातील ते चार-पाच जण, जे गेली काही वर्षे येथून बाहेर पडलेल्या मुलामुलींना शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्यास मदत करीत आलो आहोत. तिचे बोलणे पुरे होण्याआधीच आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले, "स्वयंपाक शिकायला एवढ्या लांब कशाला?" बाकीचे हसले. ती हसली नाही. या लेखात आम्ही जे मांडणार आहोत, त्याची सुरुवात त्या हसण्याच्या कबुलीने करणे आम्हांस उचित वाटते.

हा विषय पाककलेचा नाही, हॉटेल व्यवस्थापनाचा नाही आणि अन्नतंत्रज्ञानाचाही नाही. कोण काय खातो, ते कोण पिकवतो, कोणाच्या ताटात काय असावे हे कोण ठरवतो, एखादा पदार्थ प्रतिष्ठेचा आणि दुसरा लाजेचा कसा होतो, याचा इतिहास, अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या साहाय्याने घेतलेला शोध म्हणजे अन्न-अभ्यास. लंडनची सोआस ही संस्था, न्यूयॉर्क विद्यापीठ, बोस्टन विद्यापीठ येथे तो अनेक वर्षे शिकवला गेला आहे. इटलीतील पोलेंझो या लहानशा गावी तर २००४ साली 'स्लो फूड' चळवळीच्या पुढाकाराने केवळ याच विषयाला वाहिलेले विद्यापीठ उभे राहिले.

या विषयातील एक मान्यवर ग्रंथ म्हणजे सिडनी मिंट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला 'स्वीटनेस अँड पॉवर'. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत राबणारे गुलाम आणि इंग्लंडच्या कारखान्यांत साखर घातलेला चहा पिऊन पाळी भरणारा कामगार यांना जोडणारा धागा त्याने उलगडून दाखवला. आता आपल्या वसतिगृहाकडे पाहावे. येथील कित्येक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. बाई पहाटे तीनला उठून खोपीबाहेरची चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते, त्या फडक्यात बांधून फडावर नेते. दुपारी तीच भाकरी, ठेचा, असला तर कांदा. भाजी बाजाराच्या दिवशी मिळाली तर मिळाली. उसाचे वाढे विकून चार पैसे आले तर त्यांतून तेल, मीठ, चहापत्ती. ज्यांच्या हातून महाराष्ट्राची साखर निघते त्यांच्या जेवणात सहा महिने नेमके काय असते, हा प्रश्न आमच्या या विद्यार्थिनीचा होता. तिची आई कोयत्यावर जाते. मिंट्झचे पुस्तक तिने महाविद्यालयात असताना वाचले आणि ते वाचून तिला पहिल्यांदा वाटले की आपल्या आईच्या चुलीविषयी विद्यापीठात बोलता येते.

एवढे ऐकल्यावर आमचे हसू ओसरले. परंतु अडचण पुढेच होती, आणि ती आपल्याच घरातून आली.

तिने आजीला जुन्या खाण्यापिण्याविषयी विचारावयास सुरुवात केली. आजी मिलोच्या तांबड्या भाकरीविषयी, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीविषयी बोलली. पण वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचा विषय निघताच उठून आत गेली. "ते कशाला सांगायचं बाई तिकडं? आम्ही सोडलं ते," एवढेच म्हणाली. हे वाक्य आम्ही हलके मानत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे यांचा त्याग करण्याचे आवाहन केले आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी ते उपाशी राहूनही पाळले. ज्या पिढीने सन्मानासाठी ताटातला घास दूर सारला, तिला तो घास नातीच्या प्रबंधात परत येताना पाहून वेदना होणे स्वाभाविक आहे. पालकसभेतही एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस हाच प्रश्न अधिक कठोर शब्दांत विचारला.

आमचे उत्तर असे आहे. अभ्यास करणे म्हणजे त्या अन्नाकडे परत जाणे नव्हे. ते अन्न आपल्या वाट्याला कोणी आणि कोणत्या व्यवस्थेने टाकले, आपल्या आया-आज्यांनी त्यातून कोणत्या युक्तीने मुले जगवली आणि ते सोडताना त्यांनी काय किंमत मोजली, हे आपण नोंदवले नाही तर दुसरे कोणीतरी, आपल्याला न विचारता, नोंदवील. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलित स्मृती आणि अन्न यांवर पुस्तक सिद्ध केले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद देशभर वाचला गेला. रस्ता पडलेला आहे. त्यावरून आपल्या मुलांनी जाण्यात कमीपणा कसला? मात्र आजीने जे सांगितले नाही ते लिहू नये, एवढी मर्यादा आम्ही तिला घालून दिली आणि तिने ती मानली.

आता अर्जाविषयी. येथे आम्ही स्वतः केलेली चूक सांगणे भाग आहे.

पहिल्या वर्षी तिने लिहिलेले उद्देशपत्र आम्ही 'सुधारले'. आई, कोयता, मिलो हे सारे काढून टाकले आणि त्या जागी शाश्वत विकास, जागतिक अन्नसुरक्षा असले भारदस्त शब्द बसवले. दोन परिच्छेद तर आमच्यापैकी एकाच्या जुन्या अर्जातून उचलले होते. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली नाही, म्हणजे जाणे झाले नाही. दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत आम्ही याच्या उलट टोकाला गेलो होतो: दारिद्र्याचे इतके वर्णन की वाचणाऱ्याने डोळे पुसावेत. तेथेही नकार आला. शिष्यवृत्तीची निवड पुष्कळ अंशी नशिबाचीही असते, हे मान्य. तरीही दोन्ही पत्रे पुन्हा वाचताना आम्हांस जाणवले की त्यांत प्रश्नच नव्हता. एकात उसने शब्द होते, दुसऱ्यात याचना होती.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्या निबंधात स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगांची जंत्री नाही. जात कशी घडते, कशी पसरते आणि विवाहाचे निर्बंध तिला कसे टिकवतात, याची मीमांसा आहे. जगलेले सारे त्यामागे उभे आहे, परंतु पुढे उभा आहे तो प्रश्न. उद्देशपत्र लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही आता एवढेच सांगतो की, तुझ्या घरातून उठलेला आणि तुला अजून न सुटलेला प्रश्न आधी एका वाक्यात लिही.

वाटा अनेक आहेत, आणि प्रत्येकीला आपली मेख आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यात वर्षाला ७५ जणांची निवड होते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. दोहोंत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, आणि पोलेंझोसारखी एकाच विषयाची लहान संस्था अशा क्रमवारीत बसत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, केंद्राच्या योजनेतून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे फडावरच्या भाकरीचा अभ्यास करावयाचा तर हे दार बंद. आमच्या मते ही अट अन्यायाची आहे. ज्या विषयात आपल्या मुलांजवळ कोणापेक्षाही अधिक सामग्री आहे, नेमका तोच त्यांच्यासाठी निषिद्ध ठरतो. या अटीविरुद्ध समाजाने जेवढा आवाज उठवावयास हवा होता तेवढा उठवला नाही.

ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाचा सर्व खर्च देते. तिला सुमारे दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. स्वयंसेवी कामही अनुभवात धरले जाते, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत शुल्क माफ असून दरमहा १४०० युरो मिळतात. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी तिच्यात पॅरिस, डब्लिन, नेपल्स, लुंड येथे फिरत शिकण्याचा अन्न-नवनिर्मितीचा अभ्यासक्रम आहे. काही विद्यापीठे स्वतःची पूर्ण शिष्यवृत्तीही देतात. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा कोणाच्या ऐकीव माहितीवर, आमच्याही, विसंबू नये. त्या-त्या वर्षाची सूचना मुळातून वाचावी.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो. या विषयासाठी कर्ज काढू नये, शेत तर मुळीच विकू नये. पदवीनंतर संशोधन, पोषण योजना, वृत्तपत्रे, संग्रहालये, आंतरराष्ट्रीय संस्था अशी क्षेत्रे खुली होतात हे खरे, पण अभियंत्यासारखी ठरलेली नोकरी येथे नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

आणि 'पूर्ण' शिष्यवृत्तीही पहिला पैसा हाती येण्यापूर्वी खिसा रिकामा करते. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षाच पंधरा हजारांहून अधिक रुपये घेते आणि तिचा निकाल दोनच वर्षे चालतो. शिवाय पासपोर्ट, गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, काही ठिकाणी अर्जशुल्क. आमच्या विद्यार्थिनीचे पहिल्या वर्षीचे दोन महिने तर वडिलांच्या नावातील एका अक्षराने खाल्ले: शाळेच्या दाखल्यावर एक, जात वैधता प्रमाणपत्रावर दुसरे. शिफारसपत्राचे तर विचारू नये. तिच्या एका प्राध्यापकांनी "तूच लिहून आण, मी सही करतो," असे सांगितले. तिला सहा वर्षे वसतिगृहात पाहिलेल्या, मेसच्या हिशेबात तिची मदत घेतलेल्या आपल्या शिक्षिकेने मात्र दोन पाने स्वहस्ते लिहिली.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. परीक्षाशुल्क आणि कागदपत्रे यांपुरता एक लहान निधी माजी विद्यार्थ्यांनी उभारावा, आणि तो परतफेडीच्या अटीवर असू नये. तसेच आठवीपासूनच्या प्रत्येक मुलाच्या सर्व दाखल्यांवरील नावे एकदा जुळवून पाहण्याचे काम शाळेने दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी करावे.

यंदा तिने उद्देशपत्र स्वतः लिहिले. आम्ही फक्त व्याकरण पाहिले. मुलाखत झाली, आणि हा मजकूर छपाईस जात असताना तिचे नाव प्रतीक्षायादीत आहे. आजी चान्यांबद्दल अजूनही बोलत नाही. मिलोबद्दल मात्र ती मागच्या महिन्यात सलग तासभर बोलली, ते ध्वनिमुद्रण शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे.