डबल क्लच

परवा धाकट्याने अमेरिकेतल्या जुन्या मॅक ट्रकचा व्हिडिओ दाखवला. त्यात गिअरचे दांडे दोन. एक मुख्य गिअरबॉक्सचा, दुसरा मागच्या जोड गिअरबॉक्सचा. पाच चोक वीस गिअर! दोन्ही एकदम बदलायचे तर ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगमधून आत घालतो. अब्बांनी चष्मा सारून पाहिलं आणि म्हणाले, “आपल्या गाडीला एकच आहे, तोच तुला येत नाही.”

खरं होतं. अब्बांनी उभी हयात जंगलातला बांबू बल्लारपूरच्या पेपर मिलला वाहिला, पण मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पुस्तक धर, म्हणायचे. मी धरलं, मास्तर झालो. आता त्यांना ऐकू कमी येतं आणि अंगणातली टाटा १२१० विकायची ठरलीय. टेल्कोचा मर्सिडीजवाल्यांशी करार १९५४ ते १९६९. आमची गाडी नंतरची, म्हणून नाकावर तारा नाही. जाण्याआधी घरात एकाला तरी ती यावी, एवढंच अब्बांचं म्हणणं.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही, म्हणजे दात जुळवायचं काम ड्रायव्हरचं. वरचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर. खालचा टाकताना मध्ये, न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना, रेस द्यायची. कमी दिली तर करकर, जास्त दिली तरी करकर. माझी आठवडाभर करकरच झाली. वर्गात पोरांना ‘किती वेळा सांगायचं’ म्हणतो, ते आठवून लाज वाटली.

“जिवतीच्या घाटात उताराआधीच खालचा गिअर टाकायचा,” अब्बा म्हणाले. “उतारावर बांबू भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये अडकली, तर इंजिन तिला धरत नाही. नुसत्या ब्रेकवर किती वेळ धरशील?”

गिअरची वेळ कानाने कळते म्हणतात. अब्बांचे कान गेलेले. त्यांनी माझा हात दांड्यावर ठेवला, वर आपला. थरथर बदलली की हळूच दाबायचे. आठव्या दिवशी चौथ्यातून तिसरा आवाज न होता पडला. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त हात काढून घेतला.

जुम्माच्या नमाजनंतर घेणाऱ्याचा ड्रायव्हर आला, पंचविशीचा पोरगा. फाटकाबाहेर निघताच दुसऱ्या गिअरला गाडी करकरली. अब्बा ओट्यावर बसले होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी धावत जाऊन पायरीवर चढलो आणि म्हटलं, “थांब बेटा, क्लच दोनदा.”