घरांतील यंत्रें : ब्रेकांतील तेल

गेल्या महिन्यांत शिलाईच्या यंत्राविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील पाळी सायकलीची, असें सांगून ठेवलें होतें. तें वचन आज पाळतों. मात्र ज्या हकीकतीच्या आधारें लिहावयाचें, ती सांगतांना मला थोडें ओशाळवाणें होतें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमचें घर भिंगारांत. येथून पाथर्डीच्या रस्त्यानें निघालें कीं शहा डोंगरावरील ती अष्टकोनी इमारत लांबूनच दिसूं लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. माझ्या पिढीचीं मुलें तेथें शाळेच्या सहलीस जात. हल्लींचीं तरुण मंडळी भल्या पहाटें सायकली घेऊन डोंगर चढतात आणि उन्हें तापण्यापूर्वीं खालीं येतात. माझा नातू दहावीच्या परीक्षेनंतर या मंडळींत सामील झाला व त्यानें डोंगरी सायकलीचा हट्ट धरला.

घरांत खल झाला. थोरल्या बंधूंचें म्हणणें, सायकल ती सायकल, एवढे पैसे कशाला? धाकट्या चिरंजीवांस गिअर किती याची चौकशी. सूनबाई मात्र म्हणाल्या, "मामंजी, ती चढते कशी हें सगळे सांगतात. उतरतांना थांबते कशी, तें कोणी सांगत नाहीं."

प्रश्न नेमका होता. मीं उभी हयात काढली ती लोखंडी गजाच्या ब्रेकावर. मूठ दाबली कीं गज वर ओढला जाई आणि रबराचे दोन तुकडे रिमला आंतून घासत. पावसांत तो ब्रेक नांवापुरताच उरे. पण त्याचें सारें दुखणें डोळ्यांना दिसे. रबर झिजलें, गज वांकला, नट सैल झाला, तर रस्त्यावरचा सायकलवाला लांबूनच हांक मारून सांगे. डोंगरी सायकलींत रिमला कोणी शिवत नाहीं. चाकाच्या मध्यापाशीं पोलादाची एक पातळ चकती असते व तिला दोन पॅड दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरतात. रिम चिखलानें माखली किंवा थोडी वांकडी झाली तरी थांबण्यांत बाधा येत नाहीं.

उतरणीवर ब्रेक करतो काय? तो वेगाची उष्णता करतो. मुलगा व सायकल मिळून 80 किलो वजन धरूं आणि उतरण उभ्या मापानें 200 मीटर. एवढें खालीं येतांना सुमारें 157 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते; तेवढ्यांत अर्धा लिटर साधें पाणी उकळीला येईल. कांहीं वाटा वारा उचलतो, पण सावकाश उतरणाऱ्याचा बराचसा भार त्या तळहाताएवढ्या चकतीवरच पडतो. नुकत्याच उतरलेल्या सायकलीच्या चकतीस लहान मुलांनीं बोट लावूं नये, तें याचसाठीं.

चकतीचा ब्रेक दोन जातींचा. एकांत पॅड तारेनें ओढले जातात, दुसऱ्यांत तेलाच्या दाबानें. दुकानदार दोघांनाहि 'डिस्क ब्रेक' म्हणतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर समाधान मानतें. तेव्हां पहिला प्रश्न हा विचारावा कीं, मुठीपासून चकतीपर्यंत जी नळी जाते तिच्यांत तार आहे कीं तेल? तेलाच्या ब्रेकाचें तत्त्व पास्कलचें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 सालीं छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्वत्र सारखा पोंचतो. मुठीपाशीं लहान पिस्टन, चकतीपाशीं मोठा. मोठ्याचें क्षेत्रफळ चौपट असेल तर जोर चौपट, पण सरकणें मात्र एकचतुर्थांश. फुकट कांहींच मिळत नाहीं. द्रव दबत नाहीं, हवा दबते. म्हणून नळींत बुडबुडा शिरला कीं लिव्हर पोचट लागतो.

सायकल केवळ शिकवणीच्या वर्गाला जाण्यापुरती असेल तर तारेचा ब्रेक पुरे, असें माझें स्पष्ट मत आहे. तार तुटली तर कोणताहि मिस्त्री ती बदलून देतो. डोंगर उतरावयाचा असेल तर तेलाचा घ्यावा. दोन बोटांनीं तो आवरतो आणि लांब उतरणीवर हात आंबत नाहीं. चकती 160 मिलिमीटरची कीं 180 ची, हेंहि पाहावें. मोठ्या चकतीला तेवढ्याच जोरांत सुमारें अष्टमांश अधिक पकड मिळते व ती तापतेहि कमी. अंगानें भारी असलेल्यानें निदान पुढें तरी मोठी घ्यावी. स्वस्त चकतीवर 'रेझिन पॅड ओन्ली' अशीं बारीक अक्षरें कोरलेलीं असतात. तिच्यावर धातुमिश्रित पॅड बसवले तर चकती लौकर खाल्ली जाते. आपल्याकडे उजव्या हाताचा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. बाहेरून आलेल्या सायकलींत कधीं उलट असतें, तेव्हां खात्री करून घ्यावी. आणि ज्या ब्रेकाचे पॅड नगरांत मिळत नाहींत, तो कितीहि नामांकित असला तरी घेऊं नये.

एवढें सारें पाहून आम्हीं सायकल घेतली. पाहिलें नाहीं तें एकच: तेल कोणतें.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत घराला रंग दिला, तेव्हां सायकल महिनाभर उलटी टांगून ठेवली होती. उतरवल्यावर मागचा लिव्हर पोचट लागूं लागला. वरच्या टांकींतली हवा उलटेपणीं नळींत शिरली होती. सायकल सरळ उभी करून लिव्हर दहा-वीस वेळां दाबला असता तर ती बहुधा आपोआप परत गेली असती. मला वाटलें, तेल कमी झालें. टांकीचें झांकण उघडलें आणि मोटरसायकलीसाठीं आणलेल्या ब्रेक ऑइलच्या बाटलींतून ती भरून दिली. हें ब्रेकचें तेल, हा ब्रेक, म्हणून हें यास चालावें! न्यायशास्त्र थोडेंबहुत वाचलेल्या माणसास असला हेत्वाभास ओळखूं येऊं नये, याचें मला अजून नवल वाटतें.

दोन-तीन आठवडे कांहीं झालें नाहीं. मग दाबलेला लिव्हर सावकाश परत येऊं लागला. एका रविवारीं डोंगर उतरतांना तो सरळ मुठीला टेकला. नातवानें पुढच्या ब्रेकावर सांवरून सायकल कडेच्या खडींत घातली. कोपर सोललें, एवढ्यावर निभावलें. घरीं येऊन तो म्हणाला, "पाय घसरला." तिसऱ्या दिवशीं कोपराची पट्टी मी बदलीत असतां खरें बाहेर आलें. "आजोबा, तेल तुम्हीं ओतलें होतें, म्हणून बोललों नाहीं."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

मिस्त्रीनें ब्रेक उघडून आंतलीं रबरी कडीं दाखवलीं. तीं फुगलीं होतीं. सायकलीच्या ब्रेकांत दोन प्रकारचीं तेलें असतात. एक खनिज तेल. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांचें तें. दुसरें मोटारींतलें, 'डॉट' नांवाचें. प्रत्येकाचीं रबरें वेगळीं, आणि एकाचें तेल दुसऱ्याच्या रबरास विष. स्रॅमचे ब्रेक पुष्कळ वर्षें डॉट तेलाचे होते, आतां त्यांचे कांहीं नवे ब्रेक खनिज तेलाचे निघाले आहेत. म्हणून कंपनीच्या नांवावर न जातां टांकीच्या झांकणावर काय छापलें आहे तें वाचावें. आमच्या झांकणावरहि तें छापलेलें होतें. मीं चष्मा लावला नव्हता.

डॉट तेल हवेंतली ओल शोषून घेतें. डॉट 4 प्रतीचें कोरें तेल 230 अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये. ओल शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर उतरते. तेल नळींत उकळलें कीं वाफ होते, आणि वाफ दबते. म्हणून तें वर्षांतून एकदां बदलावें, फोडलेली बाटली फार दिवस ठेवूं नये. तें रंगहि खातें. खनिज तेल पाणी शोषीत नाहीं. पण आंत शिरलेलें पाणी खालीं, म्हणजे जेथें सर्वांत तापतें तेथेंच, जाऊन बसतें. तेव्हां बदलणें यालाहि चुकत नाहीं.

या ब्रेकाचा एक गुण मला अवगुणासारखा वाटतो. पॅड झिजत जातात तसे पिस्टन आपोआप पुढें सरकतात, त्यामुळें हाताला झीज कळतच नाहीं. महिन्यांतून एकदां बॅटरीच्या उजेडांत डोकावून पाहावें. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला कीं तो बदलावा. नवे पॅड घातल्यावर लगेच डोंगरावर जाऊं नये. सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न घसरवतां, चालण्याच्या गतीपर्यंत हळूहळू आवरावें. असें वीसएक वेळां केलें कीं पकड बसते. साखळीला फवाऱ्यानें तेल देणें टाळावें. चकतीवर एक थेंब उडाला तरी पॅड किंचाळूं लागतात, आणि तेल प्यालेले पॅड बहुधा टाकूनच द्यावे लागतात. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी. घरांतलें तेलकट फडकें नको. आणि चाक काढलेलें असतां लिव्हर दाबूं नये. पॅड एकमेकांस भिडून बसतात. मधें घालावयाची प्लॅस्टिकची पट्टी दुकानदार देतो, ती फेंकूं नये.

मागचा ब्रेक आम्हीं अखेर सबंध बदलला. थोरले बंधू किंमत ऐकून कांहीं बोलले नाहींत, हें विशेष. आतां शनिवारीं संध्याकाळीं नातू आणि मी पडवींत सायकल उभी करून बॅटरी घेऊन बसतों. पॅड तो पाहतो, झांकणावरचीं अक्षरें मी वाचतों. मोटरसायकलीच्या तेलाची ती बाटली अजून फळीवर आहे; तिच्यावर 'सायकलीस नव्हे' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. अक्षर सूनबाईंचें आहे.