मेथी, काकडी आणि झटपट टेस्ट

परवा लंचला एक टीममेट सॅलडचा डबा उघडता उघडता म्हणाला, "अरे, आता भाजीतले जंतू काही तासांत सापडतात. टेस्ट पास झाली की माल बाहेर. विषय संपला!" म्हटलं, बाबा रे, टेस्टिंगमधून 'पास' होऊन आलेली बिल्ड प्रॉडक्शनवर आपटताना तू कधी पाहिली नाहीस का?

हा "लवकर कळलं की झालं" छाप भाबडेपणा मला अजिबात पटत नाही.

२०११ सालचं जर्मनी घ्या. ई. कोलायची भयंकर साथ आली. हॅम्बुर्गमध्ये काकड्या तपासल्या, घातक ई. कोलाय सापडला, आणि २६ मे रोजी स्पेनच्या काकडीवर जाहीर ठपका बसला. टेस्ट खोटी नव्हती बरं का! जंतू होता, पण साथीचा नव्हता. हे कळेपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं होतं. शेवटी युरोपियन युनियनने भाजी उत्पादकांना २१ कोटी युरोंची भरपाई जाहीर केली.

खरा गुन्हेगार कोण, तर मोड. मेथीचे! बी इजिप्तमधून आलेलं. सापडला कसा? हॉटेलात कोणी काय खाल्लं, त्यात काय घातलं होतं, मोड कुठून आले, अशा नोंदी जुळवून. संशयित बियांच्या नमुन्यांत तो जंतू शेवटपर्यंत सापडलाच नाही. तोवर एकट्या जर्मनीत ३,८४२ जण आजारी पडले, ५३ गेले.

आता थोडं गणित. समजा, शेतातल्या हजार चिमूट पालकात एक चिमूट दूषित आहे. तुम्ही ६० चिमटी तपासल्या, तर ती सापडायची शक्यता जेमतेम ६ टक्के. म्हणजे १०० पैकी ९४ वेळा 'पास'! टेस्ट पाच मिनिटांची असो नाहीतर पाच दिवसांची, जी पानं तपासलीच नाहीत त्यांच्याबद्दल ती काय सांगणार, कप्पाळ?

मी झटपट टेस्टच्या विरोधात नाहीये. ताजी भाजी काही पाच दिवस रिपोर्टची वाट बघत बसत नाही. माझं भांडण आहे ते टेस्ट कुठे लावतो यावर. मोडांवरून निथळलेलं पाणी तपासा, असं अमेरिकेच्या एफडीएने १९९९ सालीच सांगितलं होतं. ते पाणी अख्ख्या घाण्यातून फिरून येतं, म्हणून एका नमुन्यात सगळ्यांची खबर मिळते. ही खरी अक्कल! पालेभाजीला पाजायचं पाणी तपासा, खत नीट कुजलंय का बघा, आणि पाकिटावरच्या बॅच नंबरवरून थेट शेतापर्यंत पोचता येईल अशा नोंदी ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा डेमो देता येत नाही. म्हणून ते कोणाला नको असतं.

तेव्हा पुढच्या वेळी पाकिटावर 'टेस्टेड' दिसलं तर हुरळून जाऊ नका. काय तपासलं, किती नमुने, कुठून घेतले, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत मी तर बुवा मेथीचे मोड शिजवूनच खाणार.