तरोट्याचं नाव कोण गाळतं?

पहिला पाऊस झाला की आपल्याकडे तरोट्याची भाजी होतेच. मुंबई-कोकणात तिलाच टाकळा म्हणतात. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ती कॅसिया टोरा, नव्या पुस्तकांत सेन्ना टोरा. नावं चार, झाड एकच. संगणकाला मात्र हे सांगावं लागतं, नाहीतर तो सरळ चार झाडं मोजतो.

विषय निघाला तो लोक जैवविविधता नोंदवहीवरून. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका. जवाहरनगरच्या आसपास बचत गटाच्या कामाने फिरताना अशा नोंदी लिहायला मीही बसले. बायका भरभरून बोलल्या. कुठल्या बोडीच्या काठी पातूर मिळते, कोणती भाजी पहिलं पाणी फेकल्याशिवाय खायची नाही, सगळं.

मग ते संगणकाच्या तक्त्यात टाइप झालं आणि तिथून वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये चढवलं गेलं. पाहते तर काय, स्थानिक नावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं! टायपिंग जुन्या मराठी फॉन्टमध्ये झालेलं, प्रोग्रामला हवं युनिकोड. पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून रकानाच काढून टाकला. "शास्त्रीय नाव आहे ना, मग झालं," असं वर ऐकवलं.

मला हे मुळीच पटत नाही. हळदीचं उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावायची, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या सीएसआयआरने ते लढवलं, १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेही जुने लेखी पुरावे दाखवून. आजीच्या तोंडी माहितीवर ते झालं नसतं. आणि आपण तर लिहिलेलंच पुसतोय! बाहेरच्या कंपनीने गावच्या वनस्पतीवर, माहितीवर पैसा कमावला तर गावाला वाटा मिळावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. तो मागायचा कशाच्या जोरावर?

मोठ्या संस्थांनाही ही कटकट चुकलेली नाही. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र असो की मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, दाबून वाळवलेल्या फांदीजवळ चिठ्ठी असते. नाव, गाव, तारीख, कुणी गोळा केलं. चिठ्ठीवरचं संगणकात नेताना डाळीच्या डब्यात साखर पडावी तसं होऊ शकतं. ५/७ ही तारीख आपण पाच जुलै वाचतो, अमेरिकी पद्धतीचा संगणक सात मे. मेच्या उन्हात तरोटा कुठून उगवणार? जुन्या चिठ्ठीवर 'भंडारा जिल्हा' असेल तर ते गाव आज गोंदियातही असेल, कारण १९९९ मध्ये जिल्हा वेगळा झाला. आणि जवाहरनगर तर किती शहरांत आहे! तालुका-जिल्हा लिहिला नाही तर आपली झाडं भलत्याच गावात उगवायची.

उपाय फार अवघड नाहीत. टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच. आधी दहाच ओळी चढवून पाहायच्या, त्या सांगणाऱ्या बाईला वाचून दाखवायच्या, मग बाकीच्या. हाताने लिहिलेली वही रद्दीत द्यायची नाही. ही माहिती कुणी दिली, याचाही रकाना हवा; पण तिला विचारून.

एमएस-सीआयटी केलेल्या मुली आता गावोगावी आहेत. कुठल्याशा कार्यालयातल्या कंटाळलेल्या माणसापेक्षा हे काम त्यांना द्या. आईला विचारून चुकलेलं नाव त्या तिथल्या तिथे दुरुस्त करतील. मात्र 'समाजकार्य' म्हणून फुकट करून घेऊ नका. दर ठरवा, आणि तो ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.