मुक्त विद्यापीठाची पदवी आणि ‘नियमित’ची अट

दिवसा कारखान्यात अथवा शेतात राबून रात्री अभ्यास करणाऱ्या, विवाहामुळे वा दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट सुटलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांना उच्च शिक्षण मिळावे, या हेतूने नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. परंतु तेथील पदवी घेऊन उमेदवार एखाद्या खासगी आस्थापनेच्या दारी उभा राहिला, की ‘नियमित पदवीधरच हवा’ ही जाहिरातीतील शर्त त्याचा अर्ज गुणपत्रिका पाहण्यापूर्वीच बाजूला सारते. वस्तुतः मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी पारंपरिक पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारखे विषय दूरस्थ पद्धतीने शिकविण्यास मज्जाव आहे आणि तो रास्तच आहे. संस्थेच्या मान्यतेची शहानिशाही मालकाने अवश्य करावी. मात्र हिशेब, पत्रव्यवहार, व्यवस्थापन अशा कामांसाठी, ज्याने संसार आणि नोकरी सांभाळून, कोणाचा धाक नसताना, वर्षानुवर्षे नेटाने अभ्यास पुरा केला, त्याला केवळ वर्गातील हजेरीच्या अभावी अपात्र ठरविणे हा उघड अन्याय होय. नेमणूक करणाऱ्यांनी ही अट जाहिरातींतून काढून टाकावी आणि उमेदवाराची परीक्षा त्याला समोर बसवून घ्यावी.